औषध माशाला द्या, टाकीला नको

माशाच्या परांवर मिठाच्या कणाएवढे पांढरे ठिपके दिसले की मिळणारा सल्ला ठरलेला असतो. दुकानातून बाटली आणा, लिटरमागे थेंब मोजा, टाकीत ओता. टाकीत गोगलगाई आहेत असे सांगितले तर वर आणखी एक सूचना मिळते: मग निम्मेच घाला. हा सल्ला मला साफ अमान्य आहे. त्याने परजीवी मरत नाही, गोगलगाय मात्र मरते. गोगलगाई असलेल्या टाकीत औषध ओतायचेच नाही. आजारी मासा बाहेर काढायचा आणि उपचार त्याच्यावर करायचे, हे माझे म्हणणे आहे.

आधी ती निम्मी मात्रा पाहू. या रोगावरच्या बऱ्याच औषधांत तांब्याचे क्षार असतात. परजीवी मरावा आणि मासा जगावा यासाठी पाण्यात लिटरला साधारण ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम तांबे राखावे लागते. त्याखाली परजीवी तगतो. गोगलगाईला मात्र त्याहून कितीतरी कमी तांबे घातक ठरते. बागायतदार बोर्डो मिश्रणासाठी मोरचूद आणतात; तेच मोरचूद पाणथळ जागांतल्या गोगलगाई मारायला शतकभर वापरले गेले आहे. म्हणजे निम्मी मात्रा नेमकी अशा पातळीवर बसते जिथे रोग जगतो आणि गोगलगाय जगत नाही. ‘गोगलगाईच्या रक्तात तांबेच असते, मग तिला बाधेल कसे?’ असेही विचारले जाते. रक्तातले तांबे प्रथिनात पक्के बांधलेले असते. पाण्यात विरघळलेले तांबे तिच्या मऊ त्वचेवर थेट येते आणि सोडियम व कॅल्शियम शोषण्याची तिची क्षमताच बिघडवते. दोन्हींना एक समजणे ही गफलत आहे.

दुसरा पक्ष जास्त विचारी आहे. तो म्हणतो, गोगलगाई बादलीत काढा, टाकीत पूर्ण मात्रा घाला, पाणी बदला, मग त्यांना परत सोडा. ऐकायला हे सरळ वाटते. पण तांबे पाण्याबरोबर पूर्ण निघून जात नाही. पाणी कठीण असेल तर ते कार्बोनेट होऊन खाली बसते, खडीला आणि गाळाला चिकटते आणि पुढे पाण्याची आम्लता वाढली की हळूहळू सुटू लागते. परत सोडलेल्या गोगलगाई काही आठवड्यांनी कवचात आक्रसून बसतात आणि पाळणाऱ्याला कारण कळत नाही, कारण औषध तर केव्हाच संपलेले असते. शिवाय उरलेल्या लहानग्या गोगलगाई खडीत राहिलेल्याच असतात. त्या मेल्या की कुजतात, अमोनिया वाढतो आणि आधीच कल्ल्यांनी हैराण झालेल्या माशावर दुसरा घाव बसतो. ‘गोगलगाय काय, दहा मिळतील’ म्हणणाऱ्यांनी निदान एवढा तरी विचार करावा. मला तर तो हिशेबच मान्य नाही. जो जीव आपण विकत आणून काचेत ठेवला, त्याला पळून जायला जागा नाही. त्याच्या पाण्यात काय पडते याची जबाबदारी सर्वस्वी आपली.

तिसरा आरोप असा की रोग आणतात त्या गोगलगाईच. यात थोडे तथ्य आहे आणि तेवढे मान्य करायला हवे. गोगलगाय अनेक चपट्या कृमींची मधली यजमान असते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावी १९५२ साली गाडगीळ आणि शहा यांनी माणसांतला शिस्टोसोमा नोंदवला, तोही गोड्या पाण्यातल्या एका चिमुकल्या गोगलगाईशी जोडला गेला. पण घरच्या टाकीतल्या माशांना छळणाऱ्या नेहमीच्या परजीवींचे जीवनचक्र गोगलगाईवाचूनच पूर्ण होते. पांढऱ्या ठिपक्यांचा इक्थियोफ्थिरियस हा एकपेशीय जीव आहे. त्वचेवरचा गायरोडॅक्टिलस आणि कल्ल्यांतला डॅक्टिलोगायरस थेट माशावरून माशावर जातात. नव्या गोगलगाईच्या कवचावर पांढऱ्या ठिपक्यांची पुटी चिकटून येऊ शकते, इतकेच. त्यावर उपाय म्हणजे नवी गोगलगाय दोन आठवडे मासा नसलेल्या भांड्यात ठेवणे.

आणि हाच माझ्या म्हणण्याचा पाया आहे. इक्थियोफ्थिरियस माशाच्या त्वचेखाली वाढतो. तिथे कोणतेही औषध त्याला गाठत नाही. पोसला की तो गळून तळाशी पडतो, पुटी करतो आणि तिच्यात विभागत जाऊन शेकडो पिल्ले सोडतो. या पोहणाऱ्या पिल्लांना दोनेक दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. गोगलगाय त्यांच्या कामाची नाही. म्हणून सगळे मासे बाहेर काढले, अगदी निरोगी दिसणारेसुद्धा, आणि टाकी २६ ते २८ अंशांवर दोन आठवडे चालू ठेवली, की मुख्य टाकीतला रोग उपासमारीने संपतो. औषधाचा एक थेंबही लागत नाही. या काळात गोगलगाईंना खायला घालत राहावे. त्यांच्या विष्ठेवर फिल्टरमधले जिवाणू जिवंत राहतात आणि मासे परततात तेव्हा टाकी तयार असते. तांबे ओतणारा नेमके हेच गमावतो.

माशांसाठी वीस-तीस लिटरचा झाकणाचा प्लॅस्टिकचा टब, हीटर आणि एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर पुरतो. जागा नाही ही तक्रार मला छोट्या घरांत खरी वाटते, पण दोन आठवड्यांसाठी असा टब ओट्याखालीही मावतो. टबात खडी घालू नये. रिकामा तळ रोज नळीने ओढून घेतला की गळून पडलेल्या बऱ्याचशा पुट्या पिल्ले सोडण्याआधीच बाहेर जातात, आणि माझ्या मते हे कुठल्याही बाटलीइतकेच महत्त्वाचे आहे. तापमान दिवसाला एक-दोन अंशांनी वाढवत ३० पर्यंत न्यावे आणि हवा जोरात ठेवावी, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. आयोडीन नसलेले मीठ लिटरला दोन ग्रॅमपर्यंत, टप्प्याटप्प्याने घालावे. कोरिडोरास किंवा लोच असतील तर एकावरच थांबावे. बदललेल्या पाण्यात त्याच प्रमाणात मीठ हवे. शेवटचा ठिपका गेल्यावरही आठवडाभर हे सोडू नये. तांबे द्यायचेच असेल तर ते इथे, तपासणी संचाने मोजून द्यावे. इथे गोगलगाय नाही.

एक अपवाद मी मानतो. मासा अंग घासतो, एकच कल्ला उघडतो, पण ठिपके नाहीत, तेव्हा चपट्या कृमींचा संशय धरावा. त्यांवर प्राझिक्वांटेल चालते आणि ते गोगलगाईंना सहसा सोसते. डॅक्टिलोगायरस अंडी घालतो आणि अंड्यांवर औषध चालत नाही, म्हणून मात्रा पुन्हा द्यावी लागते. पण ‘जंतावरचे औषध’ एवढेच ऐकून हा अपवाद ताणू नये. निक्लोसामाइड हेही पट्टकृमीवरचेच औषध, आणि जगभर गोगलगाई मारायला तेच वापरतात. फेनबेन्डाझोलने नेराइट गोगलगाई गेल्याचा अनुभव अनेक पाळणाऱ्यांचा आहे. आपल्याकडे प्राझिक्वांटेल मिळते ते बहुधा कुत्र्यांच्या जंताच्या गोळीत, आणि तिच्यात अनेकदा फेनबेन्डाझोल किंवा शरीरात त्याचेच रूप घेणारे फेबँटेलही मिसळलेले असते. वेष्टनावर एकटे प्राझिक्वांटेल लिहिलेले असेल तरच ती टाकीत घालावी. मिश्र गोळी असेल तर मासे टबात हलवूनच द्यावी.