बोधवाक्यांचा आधार

मुंबई महापालिकेच्या जुन्या मुद्रेवर ‘उर्ब्स प्रिमा इन इंडिस’ असे लॅटिन बोधवाक्य होते. हिंदुस्थानातील पहिले शहर, हा त्यातला अभिमान. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग आला, डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला, आणि लाखो माणसे शहर सोडून गावाकडे निघाली. त्यांतल्या बहुतेकांना ती अक्षरे वाचताही येत नव्हती. न समजणाऱ्या भाषेतला दिलासा राज्यकर्त्यांपुरताच उरतो.

मुंडकोपनिषदातले ‘सत्यमेव जयते’ २६ जानेवारी १९५० रोजी देशाचे बोधवाक्य झाले. मराठवाड्यातले पूर्णा गाव तेव्हा हैदराबाद राज्यात होते. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी राजवट संपून दीड वर्षही उलटले नव्हते. निजामसमर्थक रझाकारांचा जाच सोसलेल्या मराठवाड्याला या शब्दांची प्रचीती नुकतीच आली होती, म्हणून येथे ते पोकळ वाटले नाहीत.

१९७२ च्या दुष्काळात मात्र शब्द पुरले नाहीत. माणसे तगली ती खडी फोडून, पाझर तलाव आणि रस्त्यांच्या कामांवरील मजुरीवर. १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने कामाला हक्काचे रूप दिले. त्यासाठीचा काही पैसा पगारदारांच्या व्यवसाय करातून आला.