विद्रूप मुखास कृत्रिम आधार

"नकटीच्या लग्नाला सतराशें विघ्नें" ही म्हण आपण सर्वजण हंसत हंसत वापरतों. परंतु त्या नकटीला काय वाटत असेल, याचा विचार आपल्यापैकीं किती जणांनीं केला आहे? मींही तो फार उशिरां केला. जी चूक माझ्या हातून घडली ती इतर वडीलधाऱ्या मंडळींच्या हातून घडूं नये, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहीत आहें.

कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांत एक विद्यार्थी होता. मोटारसायकलवरून पडून त्याच्या नाकास मार लागला, आंत पू झाला, व पुढें नाकाचा दांडा खालीं बसला. मुलगा बुद्धीनें चांगला. पण अपघातानंतर तो शेवटच्या बांकावर बसूं लागला, तोंडाशीं रुमाल धरूं लागला, व मोठ्यानें वाचावयास सांगितलें तर मान खालीं घालूं लागला. त्याचे वडील शेतकरी. एके दिवशीं ते मजकडे आले व म्हणाले, "गुरुजी, नाशिकचे डॉक्टर म्हणतात, बरगडीचें मऊ हाड काढून किंवा बाहेरचा तयार तुकडा बसवून नाक उभें करतां येईल. पण देवानें दिलेल्या चेहऱ्यांत असलें कांहीं घालावें काय?" मीं क्षणाचाही विचार न करतां उत्तर दिलें, "रूपाचा एवढा मोह कशाला? खरें सौंदर्य अंतःकरणाचें. पोराला अभ्यास करूं द्या." ते नमस्कार करून गेले. त्या वर्षानंतर मुलानें शाळा सोडली. माझें वाक्य पुस्तकांत शोभण्यासारखें होतें. त्या मुलाच्या मात्र तें कांहींच उपयोगीं पडलें नाहीं.

ज्या विद्येला मीं तेव्हां मोह म्हटलें ती महाराष्ट्रास परकी नाहीं. तुटलेलें नाक गालाच्या कातड्यानें कसें घडवावें याचें वर्णन सुश्रुतसंहितेंत आहे. त्याहून आपल्या जवळची गोष्ट पुण्याची. इंग्रज व टिपू यांच्या १७९२ सालच्या युद्धांत कावसजी नांवाचा एक मराठा गाडीवान इंग्रजांच्या सैन्यांत बैल हांकीत असे. तो टिपूच्या लोकांच्या हातीं सांपडला; त्यांनीं त्याचें नाक व एक हात कापला. सुमारें एक वर्ष तो तसाच राहिला. नंतर पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीच्या एका कारागिरानें त्यास नवें नाक करून दिलें. त्यानें प्रथम मेणाचें पातळ पान नाकाच्या जागीं बसवून आकार घेतला. तें पान कपाळावर पसरून त्याभोवतीं रेघ ओढली. तेवढें कातडें सोडविलें, पण दोन डोळ्यांच्या मध्यें एक चिंचोळी पट्टी रक्तपुरवठ्यासाठीं जोडलेली ठेविली. मग तें कातडें फिरवून खालीं आणलें व नाकाच्या जागीं बसविलें. वरून काथाची पट्टी, चार दिवसांनीं तुपाचा बोळा, आणि सुमारें पंचविसाव्या दिवशीं ती जोडपट्टी कापली. ही हकीकत १७९४ सालच्या ऑक्टोबरांत लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगेझीन' मासिकांत चित्रासह छापली गेली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज शस्त्रवैद्यानें १८१४ सालीं लंडनमध्यें तशीच शस्त्रक्रिया केली. कार्प्यूचें नांव इतिहासांत राहिलें. पुण्याच्या त्या कारागिराचें नांव त्या हकीकतींत नाहीं. तथापि कावसजीस चार लोकांत तोंड दाखवितां यावें हें मोलाचें काम आहे, एवढें त्या कारागिरास कळलें होतें. मला, पदवीधरास, तें कळलें नाहीं.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. 'प्लास्टिक सर्जरी' या नांवांतील 'प्लास्टिक' म्हणजे बादलीचें प्लास्टिक नव्हे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'घडविणें' असा आहे. परंतु केवळ कातड्यानें घडण पुरी होत नाहीं. आपल्या देवळ्याकडील शेतकरी हें सहज समजेल. कांद्याच्या चाळीचे बांबू मोडले, तर वर कितीही नवें छप्पर घाला, तें खालीं बसणारच. नाक, हनुवटी, गालाचें हाड यांचेंही तसेंच. आंत खांब हवा. महारोगांत, म्हणजे कुष्ठरोगांत, हेंच घडतें. नाकाच्या आंतील अस्तर व मधला पडदा नष्ट होऊन नाक आंत बसतें. रोग औषधानें पुरा बरा होतो. पण बसलेलें नाक गांवाला जुनी गोष्ट सांगतच राहतें. इंग्लंडांत सर हॅरल्ड गिलीज यांजपाशीं शिकून आलेले डॉ. नोशीर अंटिया (१९२२–२००७) यांनीं पुण्यास व मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत अशा रोग्यांचे हात व मुखें नीट करण्याचें काम आरंभिलें, तें याच कारणास्तव. रोग गेला तरी माणूस घरीं परतला नाहीं, तर उपचार अर्धाच राहिला.

हा खांब दोन प्रकारचा असतो. एक आपल्याच शरीरांतील बरगडीची किंवा कानाची कूर्चा, अथवा हाड. तें शरीर सहसा नाकारीत नाहीं. पण त्यासाठीं दुसरी जखम करावी लागते, व कधीं कधीं तें वांकतें किंवा झिजतें. दुसरा प्रकार कृत्रिम रोपणाचा. सिलिकोनचा तुकडा शरीराशीं एकजीव होत नाहीं. त्याभोवतीं पातळ वेष्टन तयार होतें, म्हणून तो पुढें काढावयास सोपा. सच्छिद्र पॉलिइथिलीनच्या छिद्रांत मांस व रक्तवाहिन्या शिरतात, म्हणून तें पक्कें बसतें. पण काढणें कठीण. टायटॅनियम धातु हाडाशीं घट्ट जुळतो, म्हणून मोडलेला जबडा किंवा डोळ्याची खोबण त्याच्या पट्ट्यांनीं सांधतात. यांपैकीं कोणतेंही द्रव्य निर्दोष नाहीं. जंतुसंसर्ग झाला, किंवा वरचें कातडें पातळ असलें, तर रोपण वर्षांनंतरही बाहेर डोकावूं शकतें व काढावें लागतें. विशेषतः नाकासाठीं पुष्कळ शस्त्रवैद्य स्वतःची कूर्चाच पसंत करतात. १९०० च्या सुमारास युरोपांत नाकांत पॅराफिनचें मेण टोंचून भरण्याची टूम निघाली होती. तें मेण सरकलें, गांठी झाल्या, चेहरे पूर्वींपेक्षां अधिक बिघडले. घाईनें स्वीकारलेल्या द्रव्याचें फळ असें असतें.

"देवानें दिलेला चेहरा बदलावा काय?" हा प्रश्न मी हंसण्यावारीं नेत नाहीं. परंतु मांडीचें हाड मोडलें असतां आंत सळई घालून घेण्यास कोणी धर्माची हरकत काढीत नाहीं. आजोबा कवळी लावतात, मी स्वतः चष्मा लावतों. मग मुखाच्या बाबतींतच एवढा संकोच कां? ज्यानें चेहरा दिला, त्यानेंच तो मोडल्यावर सांधण्याची बुद्धि दिली, असें मी आतां मानतों. मात्र जो चेहरा मोडलेला नाहीं, तो केवळ पडद्यावरील नटनट्यांसारखा दिसावा म्हणून कापून घेणें ही निराळी गोष्ट होय. तेथें "नाकापेक्षां मोती जड" ही म्हण लागू पडते, आणि तीही अक्षरशः. कारण पातळ कातड्याखालीं अवजड तुकडा टिकत नाहीं.

म्हणून पालकांनीं डॉक्टरांस चार प्रश्न निःसंकोच विचारावे: आपलीच कूर्चा वापरतां येईल काय? कृत्रिम द्रव्य कोणतें, व तें बिघडल्यास काढतां येईल काय? मुलाची वाढ पुरी होईपर्यंत थांबावें काय? खर्च सरकारी योजनेंत बसतो काय? दुभंगलेल्या ओठास तर रोपण लागत नाहीं. मुलाच्याच मांसानें तो, बहुधा पहिल्या वर्षांतच, शिवतां येतो. २०१३ सालीं पालघर येथें आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांत अंगणवाडींत व शाळेंत येणारें पथक असा दोष पाहून पुढील उपचारांसाठीं पाठवितें. पथक आलें म्हणजे मुलाला लाजेनें घरीं ठेवूं नये.

विद्यार्थ्यांनो, शस्त्रवैद्य नाक उभें करील. पण पाहणाऱ्यांची नजर नीट करणारें रोपण अद्याप निघालेलें नाहीं. तें काम तुमचें आहे. तुमच्या वर्गांत कोणी रुमालाआड तोंड धरून बसत असेल, तर त्यास टोपणनांव देऊं नका. त्याच्या शेजारीं जाऊन बसा. आणि त्याचे वडील माझ्याकडे सल्ला विचारावयास आले, तर या वेळीं मी त्यांस उपदेश करणार नाहीं. त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे जाईन.