रीत कोणती, दीन कोणता?

यंदा एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आम्ही चौघींनी ‘स्त्री अभ्यास’ हा ऐच्छिक विषय घेतला. चौघी म्हणजे एक सोलापूरची, एक रत्नागिरीकडची आणि दोघी मराठवाड्यातल्या. वसतिगृहात खोल्या शेजारी-शेजारी आणि वर्गात बाकही एकाच ओळीत. या महिन्याचे सदर आम्ही मिळून लिहिले आहे, त्यामुळे इथला ‘आम्ही’ खरोखरच अनेकवचनी आहे.

विषयाचे नाव सांगितले तेव्हा चार घरांत चार तऱ्हा झाल्या. एकीच्या अब्बांनी विचारले, “याला नोकरी कुठे लागते?” दुसरीची दादी म्हणाली, “म्हणजे आता नवऱ्याशी भांडायचेही कॉलेजात शिकवतात.” तिसरीच्या भावाने तीन दिवस बोलणे टाकले. चौथीच्या घरी कुणी काहीच बोलले नाही, आणि तेच तिला जास्त बोचले.

वर्गातली तऱ्हा आणखी वेगळी. तिहेरी तलाक हा शब्द निघाला की चाळीस माना आमच्याकडे वळतात. शाहबानो निकाल १९८५ चा, आम्ही जन्मलोही नव्हतो. शायरा बानो निकाल २०१७ चा, तेव्हा आम्ही शाळेत होतो. तरी जबाब आम्हीच द्यायचा. घरच्यांच्या लेखी आम्ही जरा जास्तच शिकलेल्या आणि वर्गाच्या लेखी जरा कमीच सुटलेल्या. या दोन्ही समजुतींचा आम्हाला आता कंटाळा आला आहे. म्हणून शिकलो काय, तेवढेच सांगतो.

पहिल्याच आठवड्यात ‘लिंगभाव’ हा शब्द आला. इंग्रजीत त्याला जेंडर म्हणतात. शरीराने मुलगा किंवा मुलगी असणे ही एक गोष्ट, आणि मुलाने कसे वागावे, मुलीने कसे वागावे हे समाजाने ठरवणे ही दुसरी गोष्ट. ऐकायला सोपे आहे. पण एकदा हा चष्मा लागला की घर वेगळे दिसू लागते. बाळाच्या कानात अजान दिली जाते ती मुलगा असो की मुलगी, सारखीच. फरक त्यानंतर सुरू होतो. मुलाचे पेढे आणि मुलीची जिलेबी हे कुठल्या किताबात लिहिले आहे?

बाईंनी सुटीत एक काम दिले होते. घरातल्या एका दिवसाचा तक्ता करायचा: कोण कधी उठले, कुणी काय केले, कोण कधी बसले. आम्ही घड्याळाऐवजी नमाजच्या वक्तांनी रकाने पाडले, फजरपासून इशापर्यंत. चारही तक्त्यांत अम्मींचा रकाना कागदाच्या पाठीमागे गेला. अब्बांच्या रकान्यात दुकान, मशीद, वर्तमानपत्र. भावांच्या रकान्यात बराचसा मोबाइल. रमजानचा तक्ता केला असता तर काय झाले असते, कोण जाणे! सहेरीला सर्वांत आधी उठते ती, आणि अजान होता होता घोटभर पाणी पिऊन रोजा धरते तीही तीच.

हे आपल्याच घरांत आहे असे नाही. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये वेळेच्या वापराची देशभर पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो आणि पुरुषांचा ९७ मिनिटे, असे त्यात आढळले. शिवाय घरकामाला हात लावणारे पुरुष मुळात शंभरात सव्वीसच.

तक्ते घरी दाखवले तेव्हा उत्तर आले, “बायकांचे काम आहे ते. आपल्या दीनात असेच आहे.” एरवी आम्ही इथे गप्प बसलो असतो. यावेळी शोधायला बसलो. बुखारींच्या संग्रहात हदीस आहे. हजरत आयेशा (रजि.) यांना कुणी विचारले की प्रेषित (स.) घरात काय करत असत. त्यांनी सांगितले की ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की उठून जात. चप्पल सांधण्याचा आणि कपडा शिवण्याचा उल्लेख दुसऱ्या रिवायतीत येतो. फिकहच्या बाजूने पाहिले तर शाफई आणि हंबली फकीहांनी स्वयंपाक-धुणी ही निकाहने बायकोवर येणारी कायदेशीर जबाबदारी मानलीच नाही. हनफी फकीहांनी ते तिचे नैतिक कर्तव्य मानले, पण काजीने सक्ती करावी अशी ती बाब नाही असे म्हटले.

हे वाचून दाखवल्यावर एका अब्बांनी त्या रात्री स्वतःचे ताट स्वतः धुतले. तिसऱ्या दिवशी विसरले. असो, दोन दिवस तर दोन दिवस!

पण तेव्हापासून एक प्रश्न आमच्या तोंडी बसला: ही रीत आहे की दीन? मुलीने मोठ्याने हसू नये, सुनेने सर्वांच्या मागून जेवावे, लग्न ठरताना मुलीची ‘हां’ तिच्या मावशीनेच सांगावी, प्रत्येक ठिकाणी हा प्रश्न लावून पाहिला. बहुतेक ठिकाणी उत्तर रीत असेच आले.

अभ्यासक्रमात सगळी नावे विलायतेची असतील अशी आमची अटकळ होती. पण यादीत ताराबाई शिंदे होत्या. बुलढाण्याच्या या बाईंनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिले. आणि रोकेया सखावत हुसेन होत्या. बंगालमधल्या रंगपूर जिल्ह्यातल्या जमीनदाराची ही मुलगी. भाऊ कलकत्त्याला शिकायला, आणि बहिणींना कुराण पठणापलीकडे फारसे काही नाही. रात्री घर झोपले की मोठा भाऊ तिला चोरून इंग्रजी शिकवायचा. पुढे विधवा झाल्यावर त्यांनी नवऱ्याच्या नावाने कलकत्त्यात १९११ मध्ये मुलींची शाळा काढली. पटावर मुली आठ. शाळेच्या गाडीची हकिकत त्यांनीच लिहून ठेवली आहे. पडदा पाळावा म्हणून गाडी चारी बाजूंनी इतकी बंद केली होती की आत मुली घाबरून रडू लागल्या, काहींना उलट्या झाल्या, काही बेशुद्ध पडल्या. म्हणून जाळीवर कापडी पडदे लावले. वाऱ्याने ते उडू लागले तेव्हा धर्माच्या नावाने धमकीची पत्रे आली. म्हणजे मुली गुदमरल्या तरी चालेल, पडदा हलता कामा नये! आमच्यातली मराठवाड्याची एक जण हे वाचून म्हणाली की आमच्या गावची दहावीनंतरची एसटी यापेक्षा फार निराळी नाही. तिच्या वर्गातल्या अकरा मुलींपैकी तालुक्याच्या कॉलेजात दोघीच गेल्या.

आता ज्या गोष्टीसाठी हे सदर लिहायला घेतले तिच्याकडे येतो. ती म्हणजे हिस्सा.

स्त्रीला वारसा हक्क इस्लामने चौदाशे वर्षांपूर्वी दिला, हे वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. प्रत्येक जलशात, प्रत्येक वक्तृत्व स्पर्धेत. वाक्य खरेच आहे. सूरह निसाच्या सातव्या आयतीत आईबाप आणि नातलगांच्या मालमत्तेत पुरुषांप्रमाणे स्त्रियांचाही ठरलेला हिस्सा सांगितला आहे, मालमत्ता थोडी असली तरी. आणि अकराव्या आयतीमागची हकिकत तिरमिजी आणि अबू दाऊद यांच्या संग्रहांत येते. उहुदच्या लढाईत साद बिन रबीअ शहीद झाले. त्यांची बेवा दोन मुलींना घेऊन प्रेषितांकडे (स.) आली. म्हणाली की मुलींच्या चुलत्याने सगळा माल उचलला आहे, आणि हातात काही नसेल तर यांचे निकाह कसे होणार? त्यावर आयत उतरली. प्रेषितांनी (स.) चुलत्याला बोलावून सांगितले: दोन-तृतीयांश मुलींना द्या, आठवा हिस्सा त्यांच्या आईला द्या, उरेल ते तुमचे. त्या बाईला कुणी “घरातले घरात मिटव” असे सांगितले नाही, इकडे आमचे लक्ष प्रथमच गेले.

मग आपल्याकडे काय झाले? १८४७ सालची मुंबई. खोजा समाजातल्या मुलींनी बापाच्या मालमत्तेत कुराणाप्रमाणे हिस्सा मागितला. प्रतिवादींचे म्हणणे असे की आमच्यात मुलींना देण्याची रीत नाही. कच्छी मेमनांचाही तसाच दावा सोबत चालला. न्यायमूर्ती अर्स्किन पेरी यांनी रीत मान्य केली. मुली हरल्या. पुढे नव्वद वर्षांनी, १९३७ मध्ये, शरीयत कायदा झाला. आज या कायद्याचे नाव निघाले की तलाकवरच वाद होतो. पण तो आला रीतीविरुद्ध. मुस्लिम स्त्रियांच्या संघटनांनी रिवाजी कायद्याचा निषेध करून शरीयत लागू करण्याची मागणी केली होती, हे विधेयकाच्या उद्देशांतच नमूद आहे. आमच्या वर्गात हे कुणालाच ठाऊक नव्हते. आमच्या घरांतही नव्हते.

त्या कायद्यातून शेतजमीन मात्र वगळली गेली, कारण तो विषय प्रांतांकडे होता. मद्रासने १९४९ मध्ये ती उणीव भरून काढली. आपल्याकडे तलाठी वारस नोंदीत मुलींची नावे लावतो. म्हणजे कागदावर बहीण येते. मग काही महिन्यांत निबंधक कार्यालयात हक्कसोडपत्र होते, फेरफार पडतो आणि सातबाऱ्यावरून ती जाते. चार घरांत मिळून आम्ही विचारले. फुफी, खाला, नानी, मावसनानी धरून नऊ बायका भरल्या. आठ जणींनी सही किंवा अंगठा दिला होता. कुणी जबरदस्ती केली का, विचारले. नाही म्हणाल्या. मग का सोडला? सोलापूरच्या फुफी म्हणाल्या, “भाईसे हिस्सा ले को मैके का दरवाजा बंद कर लेना क्या?”

या वाक्यापुढे आमचा सगळा अभ्यासक्रम थांबतो. कारण फुफी भोळ्या नाहीत. नवऱ्याने टाकले किंवा तो गेला, तर भावाचे घर एवढाच त्यांचा विमा. हिस्सा सोडून त्या त्या विम्याचा हप्ता भरतात. शरमेपोटी किंवा मिळणारच नाही म्हणून सोडलेला हिस्सा हा खुशीने सोडलेला हिस्सा नव्हे, असे अनेक आलिमांनीही सांगून ठेवले आहे. आणि “लग्नात दिले ना सगळे” हेही खरे नाही. लग्नातला खर्च ही बापाने हयातीत दिलेली भेट. वारसा तो गेल्यावर उघडतो.

हा विषय आम्ही वर्गात निबंध म्हणून वाचला. त्या दिवशी माना आमच्याकडे वळल्या नाहीत. हिंदू मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये दिला. पण आमच्या मैत्रिणींच्या आत्यांनीही त्याच कार्यालयात, त्याच नमुन्यावर सह्या केलेल्या निघाल्या. कारणही तेच: माहेर तुटू नये.

एका मैत्रिणीने मात्र नेमके विचारले, “पण तुमच्यात मुलीला निम्माच का?” ठरलेले उत्तर आम्हाला येत होते. बायकोचा, मुलांचा, म्हाताऱ्या आईचा खर्च पुरुषावर, मेहरही त्यानेच द्यायचा; बाईचे जे आहे ते तिच्या एकटीचे. शिवाय सगळीकडे निम्मे नाही: मागे मुलगा असेल तर मयताच्या आईला आणि बापाला सारखाच सहावा हिस्सा, आणि एका आईच्या पोटच्या सावत्र भावंडांनाही सारखाच. इतके सांगून झाल्यावर आमच्यात आमचेच एकमत राहिले नाही. दोघींना हे उत्तर पुरते. एकीचे म्हणणे, खर्च जर बाई उचलत असेल तर हिशेबही पुन्हा मांडायला हवा, आणि तो आलिमांनीच मांडावा. एकीने अजून काही ठरवलेले नाही. त्या रात्री दोन वाजेपर्यंत वाद चालला. पण एका गोष्टीवर चौघी ठाम आहोत. खर्चाची जबाबदारी हे निम्म्याचे कारण असेल, तर जो भाऊ बहिणीला निम्माही देत नाही आणि तिच्या अडचणीला उभाही राहत नाही, त्याने हे उत्तर तोंडी घेऊ नये.

नऊ बायकांतली नववी म्हणजे आमच्यातल्या रत्नागिरीकडच्या मैत्रिणीची अम्मी. तिने अजून सही केलेली नाही. नाना गेल्या वर्षी वारले. दीड एकर कलमांची बाग आणि जुने घर. मामू तिघे, बहिणी दोघी. कागद तयार आहे, मुद्रांक लागलेला आहे, खालाची सही झालेली आहे. मामू वाईट नाहीत. दर ईदला साडी आणि आंब्यांची पेटी चुकत नाही. गेल्या जुम्म्याला त्यांचा फोन आला, “आपा, सोमवारी कार्यालयात येशील ना?” अम्मी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “सहीचे नंतर बघू. आधी मला सातबाऱ्याचा उतारा पाठव. आणि आपल्या खतीब साहेबांना विचार, माझा आणि छोटीचा हिस्सा किती बसतो ते.”

उतारा अजून आलेला नाही.