गावाचे नाव पाठ करून घ्या

स्टेशनवर गाडीची वाट पाहत असताना लाऊडस्पीकरवरून हरवलेल्या मुलाची सूचना ऐकू येते. आपण क्षणभर दचकतो, आपली पोरे जवळ आहेत ना ते पाहतो आणि पुन्हा गाडीकडे नजर लावतो. त्या मुलाचे पुढे काय झाले, याची चौकशी आम्हीही कधी केलेली नाही.

१९८६ साली असाच एक मुलगा हरवला. खांडव्याच्या गणेश तलाई वस्तीतला शेरू. वय जेमतेम पाच. बाप घर सोडून गेलेला, आई बांधकामावर दगड वाहून चार मुलांना जगवत होती. शाळेचे तोंडही त्याने पाहिले नव्हते. थोरला भाऊ गुड्डू याच्याबरोबर तो बऱ्हाणपूर स्टेशनवर आला आणि बाकावरच झोपी गेला. जाग आली तेव्हा भाऊ नव्हता. त्याला शोधत तो उभ्या गाडीत चढला, तिथे पुन्हा डोळा लागला, आणि गाडीने त्याला नेऊन टाकले ते थेट कलकत्त्याला, हावडा स्टेशनवर!

तिथली भाषा बंगाली. पोराला गावाचे नाव धड सांगता येईना. गणेश तलाईचे तो 'गिनेस्टले' करी, बऱ्हाणपूरचे 'बेरामपूर'. स्वतःचे नावसुद्धा 'शेरू'ऐवजी 'सरू' असे सांगे. काही आठवडे रस्त्यावर काढल्यावर तो पोलिसांकडे, मुलांच्या सरकारी गृहात आणि तेथून सरोज सूद यांच्या दत्तक-संस्थेत पोचला. १९८७ साली ऑस्ट्रेलियातील हॉबर्टच्या ब्रायर्ली पतिपत्नींनी त्याला पोटच्या मुलासारखा वाढविला. त्यांनी त्याच्या खोलीत भारताचा नकाशा लावला. त्याचे मूळ त्याच्यापासून लपवले नाही, हे आम्हाला फार मोलाचे वाटते.

मोठेपणी सरू ब्रायर्ली कॉम्प्युटरवर उपग्रहाने टिपलेली चित्रे पाहत रात्र-रात्र बसू लागला. हावड्यापासून निघणारे लोहमार्ग एकेक करून तपासले. २०११ साली लहानपणी पाहिलेली पाण्याची टाकी आणि पूल त्याला बऱ्हाणपूरजवळ सापडला. २०१२ साली तो खांडव्याला आला. आई त्याच वस्तीत होती. मुलगा परत आला तर कुठे शोधील, म्हणून ती माउली दूर गेलीच नव्हती! गुड्डू मात्र तो हरवला त्याच सुमारास रेल्वेखाली सापडून गेला होता. एका आईची दोन लेकरे एकदम गेली होती.

सरूने पुढे काय केले? ज्या संस्थेने त्याला हात दिला, तिच्या अनाथालयाला त्याने मदत केली. त्याच्या जीवनावर २०१६ साली 'लायन' हा चित्रपट निघाला, तेव्हा त्यानिमित्ताने भारतातील रस्त्यावरच्या आणि रेल्वेस्थानकांवरच्या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांकरिता निधी उभारण्यात आला. स्वतःचे घर सापडल्यावर त्याने दार लावून घेतले नाही, मागे राहिलेल्यांकडे वळून पाहिले.

भगिनींनो, आपल्याकडे कॉम्प्युटर नसेल, परदेशचा पैसा नसेल. पण आईबाप दोघेही कामावर जातात आणि पोरे मोठ्या भावंडांच्या भरवशावर राहतात, हे आपल्याही घरचे चित्र आहे. म्हणून एवढे करा. चार-पाच वर्षांच्या मुलाकडून स्वतःचे पूर्ण नाव, आईबापाचे नाव, गाव, तालुका, जिल्हा रोज म्हणवून घ्या. आईचे नाव नुसते 'आई' नसते, हे त्याला कळू द्या. फोन नंबर तोंडपाठ करून घ्या. मुलाला शाळेत घाला, पाटी वाचता आली तर गावही ओळखता येईल.

आणि स्टेशनवर एकटे, भेदरलेले पोर दिसले तर पुढे जाऊ नका. रेल्वे पोलिसांना सांगा, किंवा १०९८ या क्रमांकावर फोन लावा. ही सेवा १९९६ साली आपल्या मुंबईतच सुरू झाली. फोनला पैसे पडत नाहीत. पुढच्या वेळी लाऊडस्पीकर ऐकला की आम्हीही आमची गाडी चुकली तरी थांबू, असे ठरवले आहे. तुम्ही?