आधी पन्हळ, मग रंग

आपल्या महाविद्यालयाचे अमृतमहोत्सवी वर्ष जवळ येऊन ठेपले आहे. त्यानिमित्त काय काय करावे याच्या याद्या निघू लागल्या आहेत. स्मरणिका हवी, माजी विद्यार्थ्यांचा मेळावा हवा, व्याख्यानमाला हवी. आणि जवळजवळ प्रत्येक यादीत एक कलम ठरलेले आहे, ते म्हणजे मुख्य इमारतीला रंग. विटांची दर्शनी भिंत काळवंडली आहे, मधूनमधून पांढरे डाग पडले आहेत, पाहुण्यांना आपण काय दाखवणार, असा प्रश्न त्यामागे आहे. प्रश्न खोटा नाही. उत्तर मात्र मला चुकीचे वाटते, आणि ते का, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आरंभीच एक कबुली दिलेली बरी. दोन वर्षांपूर्वी राष्ट्रीय सेवा योजनेच्या श्रमदानात उपाहारगृहामागची विटांची भिंत स्वच्छ करण्याचे काम आमच्या गटाकडे आले. साबणाने काळे जाईना, म्हणून आम्ही फरशा घासायचे ॲसिड आणले आणि तारेच्या ब्रशांनी भिंत घासून काढली. भिंतीतून बुडबुडे फुटू लागले तेव्हा घाण निघते आहे या समजुतीने आम्हांला मोठा आनंद झाला. संध्याकाळी भिंत लालभडक दिसू लागली. आम्ही तिच्यापुढे उभे राहून छायाचित्रही काढून घेतले.

पुढच्या हिवाळ्यात त्याच भिंतीवर पीठ शिंपडावे तसा पांढरा थर आला. विटांमधल्या दर्जा बोटाने उकरता येऊ लागल्या. शेजारच्या खोलीच्या दुरुस्तीसाठी एक वयस्क मिस्त्री आले होते, त्यांना मी ते दाखवले. त्यांनी नखाने दर्ज खरवडली आणि विचारले, "पोरी, इथं ॲसिड कुणी ओतलं?" मी म्हटले, "आम्हीच, काका. घाण काढायला." ते हसले नाहीत. "घाण नाही काढली तुम्ही, चुना काढला," एवढेच म्हणाले.

त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. आपल्या इमारतीच्या दर्जा चुन्याच्या आहेत. वाळलेला चुना म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. फरशीच्या ॲसिडात हायड्रोक्लोरिक आम्ल असते. या दोहोंची गाठ पडली की चुना विरघळतो आणि कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडतो. ज्या बुडबुड्यांवर आम्ही खूश झालो, ते भिंत झिजत असल्याचे चिन्ह होते. शिवाय या क्रियेत तयार झालेला क्षार विटांत मुरला तो निराळाच. कलाशाखेत आल्यावर रसायनशास्त्राशी आपला संबंध संपला असे मी समजत होते. भिंतीने तो समज दूर केला.

त्यानंतर मी या विषयाकडे जरा लक्षपूर्वक पाहू लागले. पहिली गोष्ट कळली ती ही की, ज्याला आपण सरसकट 'भिंत खराब झाली' म्हणतो ते एक दुखणे नसून तीनचार वेगवेगळी दुखणी आहेत. पावसाळ्यात हिरवट आणि उन्हाळ्यात काळा दिसणारा पट्टा म्हणजे बहुतेक वेळा वाळलेले शेवाळ. रस्त्याच्या बाजूचा काळेपणा धूर आणि धुळीचा. पांढरा थर म्हणजे लोणा, अर्थात विटेत, मातीत किंवा सिमेंटमध्ये असलेले क्षार पाण्याबरोबर बाहेर येऊन पृष्ठभागावर वाळलेले. आणि जिने किंवा खिडकीच्या गजांखाली दिसणारे तांबूस ओघळ गंजाचे. चारही दुखण्यांना एकच औषध लावणारा वैद्य आपण शहाणा मानणार नाही. भिंतीच्या बाबतीत मात्र आपण तेच करतो, आणि त्या औषधाचे नाव रंग.

दुसरी गोष्ट अशी की, यांतील बहुतेक दुखण्यांच्या मुळाशी पाणी आहे. आपल्याच इमारतीभोवती एक फेरी मारावी. सर्वांत काळा पट्टा ग्रंथालयाच्या कोपऱ्यावर आहे, कारण तिथली पन्हळ फुटलेली आहे आणि गच्चीचे पाणी चार महिने भिंतीवरूनच उतरते. कठड्यावर पिंपळाचे रोप उगवले आहे. त्याच्या मुळांनी केलेल्या फटीतून पाणी आत जाते. दर्शनी बाजूस हौसेने केलेल्या बागेची माती जोत्याच्या वर चढली आहे, आणि लोणा नेमका तिच्या वरच्या हातभर पट्ट्यात फुटला आहे. म्हणजे ही भिंत कुरूप झालेली नाही. ती तक्रार करते आहे. तक्रार करणाऱ्याच्या तोंडाला रंग फासणे हा काही तक्रारीचा निकाल नव्हे.

रंगाने नुकसान काय, असे कोणी विचारील. वीट पाणी शोषते; साधी भाजकी वीट चोवीस तास पाण्यात ठेवली तर तिने आपल्या वजनाच्या २० टक्क्यांहून अधिक पाणी शोषू नये, एवढी सवलत भारतीय मानकानेच तिला दिली आहे. भिंतीत शिरलेले पाणी विटेच्या तोंडातून आणि दर्जांतून वाफ होऊन बाहेर पडते. तेलरंगाचा किंवा प्लॅस्टिक रंगाचा थर दिला की ही वाट बंद होते, पण फुटकी पन्हळ आणि चढलेली माती यांची आत येण्याची वाट उघडीच राहते. मग क्षार रंगाच्या मागेच साठतात, त्यांचे स्फटिक फुगतात आणि रंगाचे पापुद्रे विटेची कातडी घेऊन गळतात. विटेची ही भाजलेली कातडी आतल्या भागापेक्षा कणखर असते. ती एकदा गेली की पुन्हा येत नाही. दर्जांत सिमेंट भरण्याचा उपायही याच जातीचा. सिमेंट कठीण, त्यातून ओल सहज निघत नाही, म्हणून ती विटेतून निघते. काही वर्षांनी दर्ज उभी राहते आणि वीट खंगते.

क्षार काय करू शकतात याचे सर्वांत मोठे उदाहरण मोहेंजोदडोचे. सुमारे ४५०० वर्षांपूर्वीच्या त्या भाजक्या विटा मातीखाली टिकून राहिल्या. १९२२ पासून उत्खनन झाले, विटा उघड्या पडल्या आणि जमिनीतल्या क्षारांनी त्यांचा भुगा होऊ लागला. तिथे भिंतींवर केलेल्या उपायांपैकी एक होता चिखलाच्या लेपाचा. लेप ओल आणि क्षार आपल्यात ओढून घेतो, मग तो लेप काढून टाकायचा. क्षार कोंडायचे नाहीत, बाहेर काढायचे, एवढेच त्यामागील तत्त्व. आपल्या देशातच लॉरी बेकर (१९१७–२००७) यांनी केरळात बिनगिलाव्याच्या विटांच्या इमारती बांधल्या. उघडी वीट हे गरिबीचे लक्षण नाही, हे त्यांच्या कामाने अनेकांना पटवले.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. जुनेपणाच्या नावाखाली घाणीचे कौतुक करणारे काही जण असतात. मी त्यांच्यातली नाही. शेवाळलेली भिंत पाहून विद्यार्थ्याचे मन प्रसन्न होत नाही, हे मलाही मान्य आहे. आमच्या एका प्राध्यापकांनी मला विचारले, "अगं, पण रंगाला देणगीदार मिळतो, पन्हळीला कोण देणगी देणार?" प्रश्न मार्मिक आहे. रंगाखाली नावाची पाटी लावता येते, पन्हळीवर येत नाही. परंतु दर चारपाच वर्षांनी रंगाला देणगीदार शोधण्यापेक्षा एकदाच पन्हळीला शोधणे सोपे नव्हे काय?

म्हणून माझी सूचना अशी. या उन्हाळ्यात पन्हळ बदलावी, पिंपळ मुळासकट काढून फट बुजवावी, जोत्यालगतची माती वीतभर खाली उतरवावी. लोणा कोरड्या मऊ ब्रशाने झाडून गोळा करून फेकावा. तो पाण्याने धुऊ नये, कारण विरघळलेला क्षार पुन्हा विटेतच शिरतो. दसऱ्यानंतर, शेवाळ अजून ओलसर असताना, मागच्या बाजूला एक मीटर चौरसाचा तुकडा निवडून नुसते पाणी आणि काथ्याचा ब्रश यांनी घासून पाहावा. तो तुकडा काही महिने ठीक राहिला तरच पुढे जावे. गळलेल्या दर्जा चुना आणि विटांचा चुरा यांनी भराव्यात व गोणपाट भिजवून त्या ओल्या ठेवाव्यात. श्रमदानाला आमचा गट तयार आहे. मात्र या वेळी शेजारी मिस्त्री उभे असावेत.

एवढे करूनही भिंत नवी दिसणार नाही. पंचाहत्तर वर्षांच्या इमारतीने पंचाहत्तर वर्षांची स्वच्छ इमारत दिसावे, इतकीच अपेक्षा योग्य आहे. तेव्हा महोत्सव समितीला विनंती एवढीच, की रंगाचा ठराव एक पावसाळा पुढे ढकलावा. ज्यांना माझे म्हणणे अतिरेकी वाटत असेल त्यांनी उपाहारगृहामागे जाऊन आम्ही 'स्वच्छ' केलेली भिंत एकदा पाहावी. दर्जेत बोट घालून पाहिले तर अधिक बरे.