पाटी गाडीची, नोकरी माणसाची

रविवारी वसई-विरारमधल्या कळंबच्या रिसॉर्टांबाहेर लागलेल्या गाड्यांच्या काचा वाचत चालावे. एमएच ४८च्या वर लाल अक्षरांत 'आर्मी', कुठे आडव्या तलवारी, कुठे नुसतेच 'माजी सैनिक'. ही अक्षरे ॲक्सेसरीच्या दुकानात मिळतात आणि दुकानदार विचारतो तो फक्त आकार.

अमेरिकेत राज्ये माजी सैनिकांना वेगळी नंबर प्लेट देतात, पण सेवामुक्तीचा 'डीडी २१४' हा कागद किंवा तसाच पुरावा बघून. आपल्याकडे माजी सैनिकांची अशी प्लेटच नाही. क्रमांकाआधीचा उभा बाण फक्त सैन्याच्या सरकारी गाडीला. २०२१ची बीएच मालिका सेवेतल्या जवानाला ओळखपत्रावर मिळते खरी. पण ती बदलीच्या नोकरीतल्या बँक अधिकाऱ्यालाही मिळते, तिचा मानाशी संबंध नाही.

मग स्टिकर कशाला? नो पार्किंगमध्ये हवालदाराने काणाडोळा करावा आणि खानिवड्याच्या टोलनाक्यावर हुज्जत घालता यावी म्हणून. खरे तर निवृत्त सैनिकाच्या खासगी गाडीला राष्ट्रीय महामार्गावर सरसकट टोलमाफी नाहीच. परमवीरचक्रापासून शौर्यचक्रापर्यंतच्या विजेत्यांना ती आहे, तीसुद्धा ओळखपत्र दाखवल्यावर!

ज्याने खरोखर नोकरी केली त्याचे कागद मात्र संपत नाहीत. २०२०पासून राज्यात माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना घरपट्टी माफ आहे. त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्याचा दाखला लागतो. प्लास्टिकच्या पिशवीत जपलेले डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश म्हणजे पीपीओ, आधार, आणि या तिन्हींत नावाचे स्पेलिंग वेगळे निघाले की म्हातारीची पुन्हा फेरी.

माजी सैनिकांना खास नंबर प्लेट द्या, असे कुणी सुचवले तर आम्ही नको म्हणू. प्लेट गाडीला लागते आणि गाडी भाचाही चालवतो, जावईही. सीमेवर गेला तो माणूस. त्याचे ओळखपत्र त्याच्या खिशात असते आणि ते दाखवायला तो कधी कां-कूं करत नाही.

नंबर प्लेटवर क्रमांकाखेरीज काही लिहायला कायद्याने मनाई आहेच. वसई-विरारच्या वाहतूक पोलिसांनी तेवढी अमलात आणावी, काचेवर काय चिकटवले आहे ते वाचू नये, आणि चुकीच्या जागी लावलेल्या गाडीचा दंड सर्वांकडून सारखाच घ्यावा.