उशाशी ठेवलेला निखारा

दिवसभर धावलेली विजेची स्कूटर रात्री खाली उभी करावी, तिची बॅटरी काढून जिन्याने वर न्यावी, बाहेरच्या खोलीत दारालगतच्या सॉकेटला चार्जर जोडावा आणि घरातील सर्वांनी निर्धास्त झोपी जावे, हा आमच्या शहरांतील असंख्य कुटुंबांचा आता नित्यक्रम होऊन बसला आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये वसईतील एका घरात असाच क्रम पाळला गेला. पहाटे बॅटरीचा स्फोट झाला आणि होरपळलेला सात वर्षांचा मुलगा काही दिवसांनी रुग्णालयात दगावला. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये वेल्लोर येथे चार्जिंगला लावलेल्या स्कूटरने पेट घेतला. त्या धुराने गुदमरून बाप आणि त्याची तेरा वर्षांची मुलगी मरण पावली. एप्रिलमध्ये निजामाबादेत घरात चार्जिंगला लावलेल्या बॅटरीने एका वृद्धाचा बळी घेतला. आणि सप्टेंबरात सिकंदराबादेत एका हॉटेलच्या इमारतीत खाली असलेल्या विजेच्या स्कूटरींच्या दुकानातून उठलेला धूर वरच्या मजल्यांवर कोंडला व आठ माणसे प्राणांस मुकली.

या चारही घटनांत एक गोष्ट समान आहे, ती ही की, त्या वेळी एकही वाहन रस्त्यावर धावत नव्हते. वाहनाचा अपघात म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे रस्ता उभा राहतो. येथे अपघात घरात घडतो, आणि तोही माणसे झोपेत असताना. म्हणूनच हा विषय केवळ वाहनखात्याचा आहे असे समजून आम्हांस त्याकडे पाठ फिरविता येत नाही.

विजेच्या वाहनांना आमचा विरोध आहे असा सोयीस्कर गैरसमज कोणी करून घेऊ नये. पेट्रोलही काही गंगाजल नव्हे. परंतु पेट्रोलचा डबा उशाशी ठेवून कोणी झोपत नाही. लिथियमची बॅटरी मात्र दिसायला मुकाट पेटी असते. या पेटीच्या आत डझनावारी लहान सेल एकमेकांस खेटून बसविलेले असतात आणि त्या प्रत्येकात ज्वालाग्राही द्रव असतो. एखादा सेल आतून शॉर्ट झाला, दाबला गेला किंवा मर्यादेबाहेर भरला गेला, की तो तापतो; त्याच्या उष्णतेने शेजारचा तापतो, आणि पाहता पाहता सगळी पेटी पेट घेते. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, हायड्रोजन फ्लोराइडसारखा जहरी वायू असतो. वरून गोधडी वा वाळू टाकून ही आग खात्रीने विझत नाही, कारण तिची उष्णता आतूनच निर्माण होते. भरपूर पाणी मारून ती थंड करावी लागते, आणि विझली असे वाटल्यावरही ती पुन्हा भडकू शकते. तेव्हा गृहस्थाने शौर्य गाजविण्याच्या भरीस न पडता माणसांना बाहेर काढावे, मागे दार ओढून घ्यावे आणि १०१ क्रमांक फिरवावा. अर्थात, ज्या दारातून बाहेर पडायचे त्याच दाराशी बॅटरी जळत असेल, तर हा उपदेश व्यर्थ आहे. बॅटरी जिन्यात, दाराशी वा बोळात कधीही चार्ज करू नये, हा नियम इतर सर्व नियमांच्या आधीचा आहे.

आता खरेदीविषयी. २०२२ च्या घटनांनंतर केंद्र सरकारने बॅटरीच्या सुरक्षिततेचे ‘एआयएस-१५६’ हे मानक कडक केले आणि ते १ डिसेंबर २०२२ व ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत अमलात आणले. एक सेल पेटला तरी आग इतरत्र पसरू नये, पेटीत पाणी शिरू नये, तापमानावर आतून लक्ष असावे, अशा अटी त्यात आहेत. त्या तारखांपूर्वीची जुनी बॅटरी स्वस्तात मिळते म्हणून घेणाऱ्याने ती स्वस्त का आहे, हा प्रश्न आधी स्वतःस विचारावा. दुसरी गोष्ट वेगाची. ज्या गाडीची शक्ती २५० वॅटपर्यंत आणि वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंत आहे, तिला नोंदणी लागत नाही, परवाना लागत नाही. या सवलतीचा मोह मोठा आहे. आणि तिच्या आडून वेग वाढवून गाड्या विकण्याचा धंदाही चालतो. राज्याच्या परिवहन खात्याने २०२२ मध्ये अशा गाड्यांविरुद्ध मोहीम काढली होती. मूळ बॅटरीकडून तिच्या ताकदीबाहेरचे काम करून घेणे म्हणजे तिला तापविणेच होय.

दुकानदार अँपिअर-अवरचा आकडा मोठ्याने सांगतो आणि ग्राहक मान डोलावतो. त्या आकड्याला व्होल्टने गुणल्यावाचून त्यास अर्थ नाही. ४८ व्होल्ट, २४ अँपिअर-अवरची बॅटरी ११५२ वॅट-अवर, म्हणजे सव्वा युनिटहूनही कमी वीज साठविते. ६० व्होल्ट, २० अँपिअर-अवरची १२००. म्हणजे दोन्ही जवळपास सारख्याच! रसायनाचीही चौकशी करावी. निकेल-मँगनीज-कोबाल्टची बॅटरी हलकी असते. लिथियम आयर्न फॉस्फेटची त्याच क्षमतेला जड पडते, परंतु ती अधिक उष्णता सोसते व अधिक वर्षे टिकते. शहरात दहा-वीस किलोमीटर फिरणाऱ्यास दोन किलो वजनाची फिकीर करण्याचे कारण नाही. आमचा कौल निःसंशय फॉस्फेटला आहे.

परंतु उत्तम बॅटरीचाही घात करणारी वस्तू एकच, ती म्हणजे परका चार्जर. बाजारात ज्यांना सरसकट ‘अठ्ठेचाळीस व्होल्ट’ म्हणतात त्या सर्व बॅटऱ्या एक नसतात. निकेलच्या तेरा सेलांची बॅटरी ५४.६ व्होल्टला पूर्ण भरते, तर फॉस्फेटच्या सोळा सेलांची ५८.४ व्होल्टला. पिन मात्र पुष्कळदा एकमेकांत बिनतक्रार बसते! दुसरीचा चार्जर पहिलीला लावला, तर ४.२ व्होल्टवर थांबावयाचा सेल साडेचारच्या घरात ढकलला जातो. त्याला अडविणारे आतील संरक्षक सर्किट शाबूत असेल तर निभावते. पण कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याने ‘गाडी मध्येच बंद पडते’ या तक्रारीवर उपाय म्हणून तेच सर्किट बायपास करून ठेवले असेल, तर मग दैवावर हवाला. फुगलेली, वितळल्यासारखा वास येणारी, आदळलेली वा पुराच्या पाण्यात बुडालेली बॅटरी पुन्हा चार्जिंगला लावू नये. मुंबईच्या पावसाळ्यात ही शेवटची सूचना नुसती पुस्तकी नाही. उन्हातून आलेली बॅटरी तासभर निवू द्यावी, रोज ठणठणीत रिकामी करू नये, महिनाभर गावी जायचे तर अर्धी भरून ठेवावी, आणि चार्जिंग माणसे जागी असताना करावे. निकामी बॅटरी कचऱ्याच्या डब्यात जाता कामा नये. २०२२ च्या नियमांनी ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे.

हे सारे खरे. परंतु सगळा दोष ग्राहकाच्या माथी मारून आम्ही मोकळे होणार नाही. बॅटरी जिना चढून वर जाते ती कोणाच्या हौसेने नव्हे. खाली पार्किंगमध्ये सॉकेट नसते म्हणून ती वर जाते. सोसायटीच्या कमिटीकडे अर्ज करावा, तर ‘बिल कोणी भरायचे’, ‘आग लागली तर जबाबदार कोण’ असे प्रश्न उपस्थित करून तो बासनात बांधला जातो. आगीच्या भयाने कमिटी आवारात परवानगी नाकारते आणि त्यामुळे तीच आग चौथ्या मजल्यावरच्या शयनगृहात नेऊन ठेवते, या शहाणपणाला काय म्हणावे? ज्यांना सोसायटीही नाही, त्यांची कथा तर आणखी निराळी. आपल्या दाराशी दहा मिनिटांत भाजी आणि औषधे पोहोचविणारा तरुण रात्री एका खोलीत चार-पाच सोबत्यांसह राहतो. एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर तिघांच्या बॅटऱ्या भरल्या जातात. आपण ज्याच्या त्वरेचा उपभोग घेतो, त्याच्या उशाशी निखारा आहे. न्यूयॉर्क शहरात अशा बॅटऱ्यांच्या आगींत २०२३ या एका वर्षात अठरा माणसे दगावली, आणि त्याच वर्षी तेथे प्रमाणपत्राविना अशी वाहने व बॅटऱ्या विकण्यास कायद्याने बंदी झाली. सुटी बॅटरी व सुटा चार्जर विकणाऱ्या दुकानांची अशीच तपासणी आमच्याकडे का होऊ नये? ज्या कंपन्या या तरुणांच्या कष्टांवर चालतात, त्यांनी वस्तीजवळ सुरक्षित चार्जिंगची वा बॅटरी बदलून देण्याची जागा उभारावी, अशी सक्ती महापालिकांनी का करू नये?

सोसायट्यांना मात्र कोणाच्या फर्मानाची वाट पाहण्याचे कारण नाही. दर वर्षी ३० सप्टेंबरपूर्वी वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावीच लागते. त्या सभेच्या विषयपत्रिकेवर रंगकाम आणि पाण्याची टाकी यांच्या जोडीला एक विषय घालावा: पार्किंगच्या मोकळ्या बाजूस, जिना व मीटरची खोली यांपासून दूर, स्वतंत्र मीटर आणि योग्य एमसीबी असलेली चार्जिंगची जागा. खर्च किती, हे परवानाधारक वायरमनकडून लेखी घेऊन सभासदांपुढे ठेवावे, आणि मग हात वर करून मत घ्यावे.